कुसायिन मुंडी घेत नाही

कोकतास स्टेशनावर कुसायिनची ओळख दोन गोष्टींवरून व्हायची. एक म्हणजे भेटेल त्याला प्रश्न विचारून तो भंडावून सोडायचा. दुसरी म्हणजे तो मुंडी घ्यायचा नाही.

आमच्या कझाकांत मोठा पाहुणा आला की मेंढा पडतो. त्याची उकडलेली मुंडी जमलेल्यांत जो सगळ्यात मानाचा, त्याच्यापुढं ठेवायची. त्यानं सुरीनं दोन-चार तुकडे काढून वाटायचे, मग बाकीच्यांनी ताटात हात घालायचा. फक्त ज्याचा बाप जिवंत आहे, त्यानं मुंडीला सुरी लावायची नाही. लावली तर बाप गेल्याचं त्यानं चारचौघांत कबूल केलं, असा अर्थ होतो. हे आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

कुसायिनची पंचाईत अशी, की आपला बाप आहे की गेला, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

बासष्ट सालच्या वसंतात तो बायकोला, शारबानूला घेऊन खिंडीपलीकडून इकडं आला. पलीकडं चीन, अलीकडं सोव्हिएत संघ. तेव्हा हजारो कझाक असे आले, कुणी गाढवावर, कुणी पायी. कुसायिन बावीस वर्षांचा होता. बाप स्मागुल एकसष्टचा, तो मेंढरांमागं तिकडंच राहिला. आणि मग मॉस्को आणि पेकिंग यांची भाऊबंदकी अशी पेटली, की बांधावर तारा आल्या, तारांमागं शिपाई आले आणि पत्रं बंद झाली. झेंडे दोघांचेही लाल. गरिबांचा खरा कैवारी मीच, असं दोघंही रोज रेडिओवर ओरडून सांगणार. कुसायिनला यातलं काही कळेना. त्यानं स्टेशनमास्तरला गाठलं.

"साहेब, भांडण नेमकं कशावरून आहे?"

"पुस्तकातल्या अर्थावरून."

"पण दोघांचं पुस्तक तर एकच आहे ना?"

"म्हणूनच," मास्तर म्हणाला.

त्यावर कुसायिननं आणखी तीन प्रश्न विचारले, तेव्हा वैतागून मास्तरनं त्याला कामाला लावलं.

ते काम काय होतं, तेही ऐका. एकोणसाठ साली, दोस्ती गोड होती तेव्हा, कोकतासला एक लांबलचक शेड बांधली होती. पलीकडचे रूळ आमच्यापेक्षा चार बोटं अरुंद. तिकडून डबा आला की तो जॅकवर उचलायचा, खालची अरुंद चाकं काढायची, आमची रुंद चाकं सरकवायची आणि डबा खाली सोडायचा. शेड उभी राहिली, चाकं आली, सोळा जॅक आले, आणि रूळ खिंडीच्या तोंडाशी येऊन थांबले. पलीकडून एक डबा काही आला नाही. पण शेड बंद करा असंही मॉस्कोहून कुणी लिहिलं नाही. मग नियम तो नियम. दर महिन्याला सोळाही जॅकना ग्रीस लावायचं, वर-खाली करून बघायचं आणि वहीत लिहायचं, 'तयार'. एरवी मालगाड्यांचे डबे दुरुस्त करायचे, पण महिन्याचा हा एक दिवस चुकवायचा नाही. कुसायिन आणि त्याचा जोडीदार गेना, म्हणजे गेन्नादी पोतापोव, या दोघांनी हे अठ्ठावीस वर्षं केलं.

"कुसायिन, साऱ्या सोव्हिएत संघात हा एकच कारखाना असा आहे, की जिथं एकदाही चूक झाली नाही," गेना म्हणायचा.

गेनाला हसू यायचं. कुसायिनला यायचं नाही. ग्रीस लावता लावता त्याच्या डोक्यात चक्र चालू असायचं. तिकडंही कुणी अशीच शेड बांधली असेल का? त्यांच्याकडं ग्रीस कुठलं? आणि आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का, की रूळ जुळत नाहीत?

जेवणाच्या सुट्टीत तो रेडिओ लावायचा. पलीकडच्या केंद्रावरून कझाकमध्ये आमच्या सरकारला शिव्या दिल्या जायच्या, आमच्या केंद्रावरून त्यांच्या सरकारला. कुसायिन शिव्यांकडं लक्ष देत नसे. पलीकडचा निवेदक 'पाऊस' हा शब्द त्याच्या खोऱ्यातल्या लोकांसारखा लांबवून म्हणायचा, तेवढ्यासाठी तो ऐकायचा. पाऊस पडला म्हणतोय, म्हणजे गवत असेल. गवत असेल तर मेंढरं असतील. मेंढरं आहेत, तर त्यांच्यामागं कुणीतरी असणार. हा असा हिशेब. एकोणसत्तर साली सरहद्दीवर गोळ्या चालल्या, तेव्हा ते रेडिओ ऐकणंही चोरून करावं लागलं. पुढं ऐंशीनंतर वारा जरा निवळला, पत्रं जाऊ लागली. कुसायिननं सात पत्रं टाकली. सगळी परत. गावाचं नाव काढून मधल्या काळात त्याला आकडा दिला होता, आणि तो आकडा इकडं कुणाला ठाऊक नव्हता.

तोवर कुसायिनचे केस पिकले. मुकादम झाला. लोक त्याला आदरानं कुसेके म्हणू लागले, आणि जिथं जाईल तिथं मुंडी त्याच्यापुढं येऊ लागली. हा हात जोडायचा आणि ताट शेजाऱ्याकडं सरकवायचा. आधी लोकांना कौतुक वाटलं. मग गंमत वाटली. मग राग यायला लागला.

रागाचा कळस झाला अठ्ठ्याऐंशी साली. लेक कुंदिझ हिचं लग्न झालं आणि व्याह्यांनी, बायमुर्झानं, जेवायला बोलावलं. व्याह्याच्या घरी मुलीच्या बापाहून मोठा पाहुणा कोण? बायमुर्झानं स्वतः मुंडी आणून कुसायिनपुढं ठेवली, सुरीची मूठ त्याच्याकडं केली. कुसायिननं हात जोडले.

"व्याही, तुमचे वडील असते तर आज किती वर्षांचे असते?" बायमुर्झानं विचारलं.

"सत्त्याऐंशी."

"सत्त्याऐंशी! तिकडं दुष्काळ झाला, दंगे झाले. आता बस करा. घ्या सुरी."

"सत्त्याऐंशी म्हणजे काही फार नाही हो."

"मग आमच्या मेंढ्यात खोट आहे म्हणायची?"

कुंदिझ दाराशी चहाची किटली घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. कुसायिननं लेकीकडं बघितलं आणि सुरी उचलली. खरंच उचलली. मुंडीच्या गालापर्यंत नेली. मग तशीच खाली ठेवली.

"मला माहीत नाही हो, व्याही," तो म्हणाला. "माहीत नसताना कसं कापू?"

बायमुर्झा त्यानंतर चार वर्षं त्यांच्या घराची पायरी चढला नाही. आणि कुंदिझला सासरी उठता-बसता ऐकून घ्यावं लागलं, की तुझ्या बापाला आमचं अन्न गोड लागत नाही. शारबानूच्या काळजाला ते लागलं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं.

"अहो, जिवंत म्हणून मुंडी नाही आणि मेले म्हणून फातिहाही नाही! सासऱ्यांना नुसतं अधांतरी टांगून ठेवलंय तुम्ही. मेले असतील तर त्यांच्या नावानं दोन शब्द तरी वाचू द्या मला!"

"आणि मेले नसतील तर?"

"तर काय, उठून येणार आहेत का ते?"

एवढ्या वर्षांत कुसायिन पहिल्यांदाच घाबरला. आपण बापाला धरून बसलोय की नुसत्या हट्टाला, हेच त्याला कळेनासं झालं.

आणि मग नव्वद सालच्या शरदात मोठ्या लोकांचं पुन्हा गूळपीठ जमलं. का जमलं म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नाही, भांडले का म्हणूनही सांगितलं नव्हतं. एक दिवस खिंडीत हातोड्यांचे आवाज यायला लागले, आणि महिन्याभरात रूळ रुळांना भिडले. आधी मालगाड्या आल्या. शेडचं कुलूप निघालं, सोळाच्या सोळा जॅक पहिल्या झटक्यात वर उठले. मॉस्कोहून आलेला इंजिनियर तोंडात बोट घालून उभा राहिला.

"तीस वर्षं पडून होते ना हे?"

"पडून कुठं," गेना म्हणाला, "तयार होते."

गाड्यांबरोबर पलीकडची माणसंही आली. ड्रायव्हर, गार्ड, खलाशी. त्यांत कझाकही होते. कुसायिनला तर पर्वणीच. आमच्यात अनोळखी माणसाला पत्ता विचारत नाहीत, त्याचे सात बाप विचारतात. कुसायिन प्रत्येकापुढं उभा राहून एका दमात आपले सात बाप म्हणायचा. स्मागुल, त्याचा बाप अमुक, त्याचा तमुक, थेट सातव्यापर्यंत. समोरचा डोकं हलवायचा, हा पुढच्याकडं जायचा. सरहद्दीच्या शिपायांनी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा शिपायानं कंटाळून स्वतःचेच सात बाप सांगितले.

बाराव्या की तेराव्या गाडीला मुकाताय नावाचा गार्ड होता, पोरगेलासा. तो पाचव्या नावाला थांबला.

"आगा, पाचवा पुन्हा सांगा."

कुसायिननं सांगितला.

"हे आमचेही आहेत. म्हणजे तुमची घरं वरच्या अंगाला असणार. स्मागुल नावाचं कुणी मला ठाऊक नाही. पण विचारतो."

पंधरा दिवस. कुसायिनचं जेवणात लक्ष नाही, कामात नाही. त्यानं शारबानूला काही सांगितलं नाही, गेनाला सगळं सांगितलं. पंधराव्या दिवशी गाडी आली, मुकाताय डब्यातून उतरला तोच लांबून ओरडला, "आगा, आहेत! जिवंत आहेत!"

कुसायिन जवळच्या चाकावर बसला. आणि लगेच त्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली. दात आहेत का? घोड्यावर बसतात? स्वयंपाक कोण करतं? दिसतं का? आई कधी गेली? तंबू की घर? मुकातायनं जमेल तेवढं सांगितलं. आई चौसष्टलाच गेली. म्हातारा एकोणनव्वदचा आहे, दात नाहीत, घोडा अजून आहे. चुलत नातवाकडं असतो.

"आगा, श्वास घ्या जरा. तुम्ही शंभर प्रश्न विचारता, त्यांनी मला एकच विचारला."

"काय?"

"'तो मुंडी घेतो का?'"

कुसायिननं नुसती मान हलवली, नाही नाही म्हणून. गेनाला तीस वर्षांत कझाक पुरतं समजायला लागलं होतं. तोच पुढं झाला.

"सांग त्या म्हाताऱ्याला, या गाढवानं त्याच्यापायी अख्खं गाव अंगावर घेतलंय. व्याही तोडलाय!"

त्या दिवशी शारबानू रडली, आणि तिनं स्वतःच्या तोंडावर दोन चापट्या मारून घेतल्या. जित्या माणसाच्या नावानं फातिहा वाचायला निघाले होते मी, म्हणाली.

आता प्रश्न उरला एकच. भेट कशी व्हायची, आणि म्हाताऱ्याच्या हातून वेळ निसटण्याआधी व्हायची कशी. कुसायिन म्हणाला, मी जातो. पण मुकातायबरोबर उलटा निरोप आला. 'तू येऊ नकोस. मीच येतो. तुम्ही असं काय बघायला धावलात ते मला एकदा बघायचंय.' बाप-लेक दोघांची खोड एकच, दुसरं काय.

म्हाताऱ्याला बोलवायचं तर रीतसर आमंत्रणाचा कागद हवा, त्यावर सोव्हिएत संघाचा शिक्का हवा. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात कुसायिननं अर्ज दिला. जिल्ह्यातून तो राजधानीला गेला, नोव्हेंबरात शिक्का बसून आला. कागद पलीकडं पाठवला. आणि डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही.

हसू नका, असंच झालं. जानेवारीत कागद परत आला. ज्या देशानं बोलावलं तो देश अस्तित्वात नाही, असं त्यावर चिनी कचेरीनं लिहिलं होतं. कुसायिन तो घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या, कचेरीतला हीटर बंद होता.

"कुसेके, मी काय करू? नव्या देशाचे फॉर्म अजून छापले नाहीत."

"जुन्यावर खोडून लिहा."

"लिहीन. पण शिक्का कुठला मारू? तोही आला नाही."

"बाई, देश नसेल तर नसू दे. मी तर आहे ना? मी बोलावतोय बापाला. देशाला त्याच्याशी काय करायचंय?"

"हे तुम्ही त्यांना सांगा," बाई म्हणाल्या, आणि हीटरकडं बघून सुस्कारा सोडला.

शेडमध्ये गेनाची निराळीच गत. त्याची आई बार्नाऊलला, आता नव्या सरहद्दीपलीकडं. "कुसायिन, मी जागचा हललो नाही, ती हलली नाही, आणि सोमवारपासून माझी आई परदेशात आहे. हे तुझं दुखणं मला कसं काय लागलं?" त्याला थट्टा करायची होती, पण ती जमली नाही.

फेब्रुवारीत मुकातायनं सांगितलं, म्हातारा अंथरुणाला खिळलाय, छाती भरलीय. मार्चमध्ये खबरच नाही, कारण मुकातायची बदली दुसऱ्या गाडीवर झाली. कुसायिन दर सोमवारी कचेरीत जायचा. बाई त्याला लांबून बघूनच मान हलवायच्या. एकदा तर त्या टेबलाखाली लपल्या, असं कचेरीतला शिपाई सांगतो. त्या महिन्यांत कुसायिन एकाही जेवणाला गेला नाही. मुंडी समोर आली तर काय करायचं, हे त्याला ठरवता येईना. एप्रिलच्या शेवटी शिक्का आला. शाई इतकी पातळ, की बाईंनी तो तीनदा मारला.

जूनमध्ये पहिली प्रवासी गाडी सुटली. अकरा डबे. म्हातारा दुखण्यातून उठलाय आणि चौथ्या डब्यात बसलाय, असा निरोप होता. भर दुपारी गाडी शेडमध्ये शिरली. नियम असा, की डबा जॅकवर असेपर्यंत दारं बंद. माणसं आत बसलेली असतात, त्यांच्यासकट डबा उचलायचा. कुसायिननं कुणाला काही न सांगता चौथ्या डब्याचं काम स्वतःकडं घेतलं. डबा वर गेला. तो खाली वाकला. एकेक बोल्ट त्यानं दोन-दोनदा तपासला. चाळीस मिनिटांचं काम दीड तासावर गेलं.

तेवढ्यात वरच्या उघड्या खिडकीतून एक खणखणीत, बिनदाती आवाज आला.

"ए, खाली कोण आहे? काय चाललंय?"

गेना कुसायिनकडं बघायला लागला. कुसायिन खालूनच बोलला.

"चाकं बदलतोय, बाबा."

"चांगली होती की चाकं! का बदलता?"

"आमचे रूळ रुंद आहेत."

"किती?"

"चार बोटं."

"मग रूळ टाकायच्या आधी एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही का?"

गेना जमिनीवर बसून हसायला लागला. "कुसायिन, कागद तपासायची गरज नाही. हा तुझाच बाप!"

कुसायिनला वर बघायचं होतं, बघवेना. बाप खिडकीतून प्रश्न विचारत राहिला. ग्रीस कुठलं? एवढं वजन चार खांब कसे पेलतात? तुझं वय काय, लेकरंबाळं किती? खालून उत्तरं येत राहिली, एकेक शब्दाची. आपण कुणाशी बोलतोय हे म्हाताऱ्याला दार उघडेपर्यंत कळलं नाही. दार उघडलं, तेव्हा बापानं आधी त्याचे ग्रीसनं माखलेले हात हातात घेतले, मग चेहऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आवाज ओळखीचा वाटत होता." एवढंच. शेवटी गेनानं दोघांनाही धरून बाकावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसायिनच्या घरी मेंढा पडला. सगळं स्टेशन आलं. बायमुर्झा व्याहीही आला, न बोलावता, घोड्याचं मांस घेऊन. दारातच कुसायिनच्या गळ्यात पडून म्हणाला, "माझ्या जिभेला हाड नव्हतं, व्याही." कुंदिझनं तेवढ्यात डोळे पुसून घेतले. कचेरीतल्या बाई आल्या होत्या, त्यांना शारबानूनं आग्रहानं मानाच्या अंगाला बसवलं.

मुंडी आली ती स्मागुलपुढं. आता त्याच्याहून मोठं तिथं कोण होतं? म्हाताऱ्यानं दुवा मागितली, बाह्या वर सारल्या आणि सुरी घेतली. हात जराही हलत नव्हता. त्यानं आधी उजवा कान कापला. कान लेकरांचा असतो, मोठ्यांचं ऐकावं म्हणून देतात. दाराशी बसलेली नातवंडं एकमेकांना ढकलत पुढं सरकली. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुरीच्या टोकावरचा कान त्यानं कुसायिनपुढं धरला.

"घे."

"अके," कुसायिन बापाला म्हणाला, "मी आता..."

"मी तुला काय सांगितलं होतं? शरदापर्यंत थांब, मेंढरं डोंगरावरून खाली येऊ देत, मग सगळे मिळून जाऊ. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं, अके."

"ऐकलंस?"

हे शारबानूखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत कुसायिननं जगाला हजार प्रश्न विचारले, पण हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाही ऐकलं, अके."

"मग खा."

पोरं खदखदून हसली. गेना हसला, बायमुर्झा हसायला लागला आणि मधेच थांबला. कुसायिननं दोन्ही हात पुढं करून कान घेतला. बावन्न वर्षांचा माणूस, शेडचा मुकादम, सगळ्यांदेखत तो कान चावत बसला, आणि डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.